चुन्याचा क्रूस कोणी उचलायचा

मासेदोनियोचा शेवटचा धड दिवस भातावरून भांडण्यात गेला. "मीठ किती हे!" तो कुरकुरला, तेव्हा एवारिस्तो म्हणाला, "मग बिशपकडे जा जेवायला, म्हाताऱ्या." वह्या तपासता तपासता मासेदोनियोची मुलगी ओतिलिया हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी शिवणयंत्रावर बापाने डोकं टेकलं ते पुन्हा उचललं नाही.

एवारिस्तो तिचा पाद्रिनो, धर्मपिता. तिची आई बाळंतपणात गेली, तेव्हा बापाने बाप्तिस्म्याला त्यालाच उभं केलं. दोन पुरुषांना एका छपराखाली राहायला याहून मानाचं नातं सापडलं नसतं. वेराक्रूझकडच्या त्या नदीकाठच्या गावाला सगळं ठाऊक होतं. लोक डोळे मिचकावत, कपडे शिवायला टाकत, नाताळात पानात उकडलेले मक्याचे तामाले पाठवत. मग राजधानीत अशा पुरुषांची धरपकड सुरू झाली. पकडलेल्यांचे फोटो वर्तमानपत्रं नावानिशी छापू लागली आणि नवा पाद्री प्रवचनात 'ती घाण' म्हणाला. तामाले यायचे थांबले. दोघं संध्याकाळी चौकातल्या बाकावर बसेनासे झाले. ओतिलियाने पुष्कळ वाचलं होतं, शाळेत शिकवत होती; पण घरातल्या या गोष्टीबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही.

बाप गेल्याच्या नवव्या दिवशी दुपारी खोली शेजाऱ्यांनी भरली. मयताखाली जमिनीवर काढलेला चुन्याचा क्रूस आज झाडून उचलायचा आणि थडग्यावर न्यायचा होता. उचलणारा बाहेरचा लागतो. घरच्या माणसाने त्याला हात लावायचा नाही. एवारिस्तो दाराशी उभा होता, टोपी छातीशी धरून. इतके दिवस तो तिथेच उभा राहिला होता. रेफुहियो आत्याने त्याला एकदाही 'बस' म्हटलं नव्हतं.

आज मात्र तिचा आवाज गोड झाला. "क्रूस एवारिस्तो उचलेल. पोरीचा पाद्रिनो ना तो! मानाचं काम आहे."

"उचलू दे आणि जाऊ दे एकदाचा," मागून कोणीतरी पुटपुटलं.

एवारिस्तोने झाडणी घेतली आणि तो वाकला. ओतिलियाला आत्याचा डाव कळला. याने क्रूस उचलला की गावादेखत परका ठरला. उद्या आत्या घराची किल्ली मागेल आणि हा देऊनही टाकेल.

"पाद्रिनो, ठेवा ती झाडणी खाली."

"पोरी, गप्प बस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुझी नोकरी जाईल."

तिने आपल्या शेजारी खुर्ची ओढली आणि हाताला धरून त्याला तीत बसवलं.

"खुळी झालीस का गं?" आत्या कडाडली. "घरच्यांनी उचलायचा नसतो, मग कोण उचलणार?"

"दुसरं कोणीही उचला, आत्या. हे घरचेच आहेत." तिने त्याचा हात धरूनच ठेवला. "बाबांचं यांच्यावर प्रेम होतं. बायकोवर असतं तसं. नवरा गेलेली बाई बसते ना, तिथे आज हे बसणार."