परतीची नळी

एवढीशी ती कडी – आईच्या जोडव्याएवढी, एका बाजूला चिरलेली, हातावर काही ठेवलंय हेसुद्धा जाणवू नये इतकी हलकी – सुनीतीने करंगळीत घालून पाहिली, ती दुसऱ्या पेराशी अडली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं… शाळेत पोरींना पदार्थविज्ञान शिकवणारी बेचाळीस वर्षांची बाई, शनिवारची दुपार, बालीगंजच्या घराचं हे अंगण, आणि गाडीमागे जुनी चादर अंथरून आपण टर्बोचं सील अंगठीसारखं घालून पाहतोय. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, लग्नाचं राहिलं ते राहिलं, आता हिला लोखंडाची हौस सुटलीय. पण कुणी बघत नव्हतं. बघत असलेच तर वडील, अण्णा, वरच्या खिडकीतून; आणि ते बघतात, की नुसतेच डोळे इकडे करून बसलेले असतात, यावर तर सगळं अडलं होतं.

चैत्रात अण्णांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली – म्हणजे सगळी नाही, एक शब्द तेवढा राहिला. नको. चहा देऊ का? नको – आणि कप ओठांना लावला की शेवटच्या घोटापर्यंत पितात. पंखा लावू? नको. बरं, बंद करू? नको. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तो शब्द नुसता जिभेवर राहून गेलाय, त्यात अर्थ शोधत बसू नका, यांना किती समजतं ते कुणीच सांगू शकणार नाही. ते बंगालीत बोलत होते आणि फार हळुवारपणे बोलत होते, त्यामुळे तिला जास्तच राग आला होता. सबंध नोकरी खिदिरपूरच्या गोदीत काढलेला माणूस, जहाजाचं इंजिन नुसतं ऐकून आतलं दुखणं सांगायचा… आणि त्याच्या आत काय चाललंय ते सांगायला आता कुणी नाही.

घरात मराठी बोलणारी दोनच माणसं उरली होती, त्यातलं एक हे असं. प्रतिभादी दिवसभर अण्णांचं सगळं करायला येते, तिच्याशी बंगाली, शाळेत इंग्रजी, टॅक्सीवाल्याशी हिंदी. संध्याकाळी ती घरी गेली की सुनीती अण्णांसमोर खुर्ची ओढून बसायची आणि दिवसभराचं तुंबलेलं मराठी बोलून टाकायची – मोठ्या बाई काय म्हणाल्या, ट्राम कशी मध्येच बंद पडली, पाचवीतल्या एका मुलीने थर्मामीटर चावून कसा फोडला – आणि मध्येच थांबून, जणू त्यांनी काही विचारलंय असं धरून, त्याचं उत्तरही देऊन टाकायची. एकदा प्रतिभादी छत्री विसरली म्हणून परत आली आणि दारातच उभी राहून ऐकत राहिली. “दिदि, कार शोंगे कोथा बोलछो?” कुणाशी बोलतेस… सुनीतीला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की तिने सांगून टाकलं, पाठ म्हणून बघतेय, उद्या शाळेत भाषण आहे.

आणि उद्या सकाळी प्रमोद येतोय. धाकटा भाऊ, मुंबईला बँकेत. अण्णांना घेऊन जायला येतोय. त्याच्या बायकोने, हेमाने, खोलीसुद्धा तयार ठेवलीय. सोमवारी ट्रंक कॉलवर, त्या सगळ्या खरखरीतून, तो ओरडून ओरडून बोलत होता: “ताई, त्यांना समजतं असं तू मला छातीवर हात ठेवून सांग. त्यांना तिथेच राहायचंय असं सांग. मी एक अक्षर बोलणार नाही, आल्या पावली परत जाईन. पण तुला सोबत हवी म्हणून त्यांना ठेवून घेऊ नकोस.” शेवटचं वाक्य त्याला ओरडून म्हणावं लागलं होतं, त्यामुळे ते होतं त्याहून जास्त लागलं. की होतं तेवढंच?

डमडमच्या विमानतळावर त्याला आणायला ही गाडी घेऊन जायची, अण्णांना पुढे बसवून, असं तिने त्याच रात्री ठरवून टाकलं. अण्णांची लाडकी गाडी. अमेरिकन, बसकी, दोन दारांची, इंजिन मागे. वकिलातीतला एक साहेब मायदेशी जाताना अण्णांना देऊन गेला, कारण तिच्या टर्बोला हात लावायला शहरात कुणी धजत नव्हतं. बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूवर फिरणारं एक चाक, आणि ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, एवढीच त्याची गोष्ट – पण गाडीत असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. अण्णा म्हणाले, जहाजावर हे प्रकरण घोड्याएवढं असतं, इथे नारळाएवढं आहे, एवढाच फरक. घरी पोचलं तरी ते लगेच इंजिन बंद करत नसत. एक सिगारेट संपेपर्यंत ते नुसतं चालू ठेवायचं; तापलेल्या टर्बोतलं तेल वाहतं राहिलं पाहिजे, नाहीतर जागच्या जागी करपतं. आई वरून म्हणायची, घर आलं तरी यांचा प्रवास काही संपत नाही.

श्रावणात गाडी निळा धूर सोडायला लागली. निळा म्हणजे तेल जळतंय, हे तिला बाराव्या वर्षापासून ठाऊक होतं. कुठे जळतंय, हा प्रश्न. इंजिनातल्याच रिंगा झिजल्या असतील तर कारभार आटोपला. टर्बोचं सील गेलं असेल तर एका कडीचं काम. तिने एकटीने, अण्णांना न विचारता – विचारणार काय, कपाळ – सील बदललं. आठ दिवस बरे गेले. मग धूर पुन्हा, आणि पहिल्यापेक्षा दाट, सिग्नलला थांबून गाडी निघाली की मागची सगळी बस खोकायला लागावी असा. म्हणून आज ती दुपारपासून इथे बसली होती. सहाही प्लग काढून पाहिले: कोरडे, बिस्किटाच्या रंगाचे. धुराच्या नळकांड्यात बोट घालून पाहिलं: तेलाने चिंब. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं, तेल टर्बोतूनच गळत होतं. म्हणजे पुन्हा सील. दुसरी कडी होतीच जवळ. तिने ती वर खिडकीकडे धरली, एवढ्या अंतरावरून ती दिसणं शक्य नाही हे माहीत असून.

“अण्णा, सील पुन्हा बदलते. बदलू ना?”

“नको.”

तिचं डोकंच फिरलं. प्रत्येक गोष्टीला नको. नको काय, मग करू काय? ती मनातल्या मनात त्यांच्याशी भांडली, पाना चादरीवर आदळला, आणि मग, आदळल्यावर माणूस जसा जरा वेळ काहीच न करता बसतो तशी बसून राहिली… नको. समजा – नुसतं समजा – चहाला म्हणतात तसं ते नव्हतं. समजा, एका माणसाने सील बदलू का असं विचारलं आणि दुसऱ्याने, विचार करून, नको म्हटलं. का म्हणेल तो नको?

फ्रॉकातली सुनीती, खिदिरपूर, जहाजाच्या पोटातला तो गरम तेलकट वास, आणि तिचा हात धरून एका जाड नळीवर ठेवणारे अण्णा. आत जाणाऱ्या तेलाची काळजी सगळे घेतात, ते म्हणाले होते, त्याला पंप असतो, मागून जोर असतो. परत येणाऱ्या तेलाला काही नसतं. ते आपल्या वजनाने खाली उतरतं, बस. वाट जरा अडली की बिचारं जाणार कुठे? मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं, आणि लोक सीलला शिव्या देतात.

तिने परतीची नळी सोडवली. एका टोकाला तोंड लावून फुंकलं. श्वास पुढे जाईना, गालच फुगले. नळीच्या तोंडाशी काहीतरी तांबूस, कडक साचलं होतं – खिळ्याने खरवडलं तर तुकडा निघाला, आणि तो काय आहे हे ओळखायला तिला वेळ लागला नाही. शेलॅक. सांध्यात गास्केटची चकती बसवताना लावतात ते लाखेचं रोगण. श्रावणात तिनेच लावलं होतं, गळायला नको, गळायला नको म्हणत, थरावर थर, आणि जास्तीचं दाबून आत गेलं होतं. म्हणजे गळू नये म्हणून मी जी वाट बंद केली…

पण त्या क्षणी तिला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. तिला आनंद झाला. त्यांना कळलं होतं. ते बरोबर नको म्हणाले होते. स्पिरिट आणि तार घालून नळी साफ करताना, गास्केटला बोटभर नाही, नखभर शेलॅक लावताना, ती उद्या प्रमोदला हे कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्यात प्रमोद गप्प होत होता.

ऊन उतरलं तेव्हा गाडी सुरू झाली. धूर येतच होता. नळकांड्यात आधीचं साचलेलं तेल जळून जाईपर्यंत येणारच. फाटकाला आतून कडी होती, गाडी कुणी नेण्याची भीती नव्हती. इंजिन चालू ठेवून तिने साबणाने हात धुतले आणि वर गेली. प्रतिभादी निघून गेली होती. अण्णा खिडकीशी, डावा हात कठड्यावर.

“परतीची नळी होती, अण्णा. तुम्ही म्हणालात तेच खरं.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. किंवा तिच्या मागच्या दाराकडे. तिने नेहमीसारखी खुर्ची ओढली, आणि नेहमीचा प्रश्न ओठांवर आला: प्रमोदकडे जायचंय का? सोमवारपासून ती रोज विचारत होती. रोज ते नको म्हणत आणि रोज तिला शांत झोप लागे… प्रश्न ओठांवरच राहिला. काय चालवलंय हे आपण? सहा प्लग काढून पाहिले, नळकांड्यात बोट घातलं, लोखंडाला सगळ्या बाजूंनी विचारलं – आणि या माणसाला मात्र असे प्रश्न, की नको आलं की माझं बरं व्हावं. पोरींच्या वहीत असला प्रयोग दिसला असता तर मी लाल रेघ मारली असती. विचारलं नाही तरी चालेल, कुणाला कळणार आहे, उद्याची वाक्यं तयार आहेत. तरी तिने विचारलं.

“अण्णा… इथेच राहायचं ना? माझ्यापाशी?”

“नको.”

तोच आवाज. चहाला म्हणतात तो, सीलला म्हणाले तो. खाली इंजिन एका लयीत चालू होतं आणि खोलीत अंधार भरत होता. तो शब्द पोकळ असेल तर दुपारचाही पोकळच होता, नळी मला अशीच योगायोगाने सापडली, आणि समोरच्या खुर्चीत कुणी नाही. आणि पोकळ नसेल तर… कित्येक महिने ती काकुळतीने मागत होती की आत ते असू देत, फक्त असू देत; आत जे कुणी असेल त्याला स्वतःचं म्हणून काही हवं असेल, मुलगा हवा असेल, नातवंडं हवी असतील, रोज संध्याकाळी आपल्याच तोंडचं उत्तर ऐकायचा कंटाळा आला असेल, हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. आली ती एक विनवणी, कुणाला ते तिला सांगता आलं नसतं: असू दे. ते कळूनच म्हणालेले असू देत.

गल्लीतल्या कोळशाच्या शेगड्या पेटल्या होत्या. त्यांचा धूर अंगणावर असा बसला होता की गाडीचा थांबलाय की नाही ते वरून दिसेना. खाली जाऊन इंजिन बंद करायला हवं होतं. एक सिगारेट एव्हाना केव्हाच संपली असती. ती उठली नाही. त्यांचा डावा हात तिने आपल्या हातात घेतला, तेलाचा वास अजून गेला नव्हता, आणि दिवसभराचं काहीही न सांगता, त्यांच्या वतीने काहीही न बोलता ती बसून राहिली. खरंच नको का, असं तिने पुन्हा विचारलं नाही.