निरवानिरव

दुभाषीने खुर्ची वीतभर मागे ओढली. खुर्चीचा पाय फरशीवर इतका कर्कश घासला, की समुपदेशक मॅडमनी वहीतून मान वर केली.

"काही अडचण?"

"नाही."

अडचण होती. पण ती सांगायचा तिला अधिकार नव्हता. तिच्या करारपत्रात स्वच्छ लिहिलं होतं: दुभाष्याने दोघांच्या किंचित मागे बसावं, ऐकलं तेवढंच सांगावं, पदरचं काही घालू नये, विद्यार्थ्याशी परस्पर बोलू नये. ती स्वतः याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. संख्याशास्त्र शिकत होती, आणि आठवड्यातल्या तीन दुपारी या खोलीत बसून दुसऱ्यांची दुःखं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेत होती. मुलं वर्गात मॅडमच्याच भाषेत बोलत, परीक्षाही त्याच भाषेत देत. पण मनातलं ज्याला त्याला आपल्या भाषेत बोलता यावं, असं गेल्या वर्षी कुठल्याशा समितीला वाटलं होतं. तशी पत्रकं जिन्याजिन्यात लागली होती. त्यांवरचे सगळे चेहरे हसरे होते.

समोर पहिल्या वर्षाचा मुलगा बसला होता. वसतिगृहात त्याला लंब्या म्हणत. गुडघे टेबलाखाली मावेनात म्हणून तो तिरका बसला होता. ही त्याची तिसरी भेट.

मॅडमच्या हाताखाली एक जाड, गुळगुळीत कागद होता. नुकत्याच झालेल्या प्रशिक्षणात तो मिळाला होता. निरनिराळ्या समाजांच्या याद्या, आणि प्रत्येकापुढे चार-चार ओळी.

"त्याला विचार," मॅडम म्हणाल्या, "तुमच्यात मुलग्यांनी रडलेलं चालत नाही ना? त्याचं दडपण येतं का?"

तुमच्यात. पहिल्या दोन भेटींत हा शब्द तिने अकरा वेळा पोचवला होता. हा बारावा. तिचे स्वतःचे वडील बातम्या बघता बघता डोळे पुसत, आणि वर म्हणत, धूळ गेली.

तिने प्रश्न जसाच्या तसा विचारला. लंब्याने तो मन लावून ऐकला, एखाद्या पाहुण्याला वाईट वाटू नये तसा.

"नाही हो ताई. आमच्याकडे सगळेच रडतात. दादा तर मॅच हरली तरी रडतो."

तिने सांगितलं. मॅडमनी पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं. दुभाषीने दात आवळले. कागद चुकला असेल असं या बाईंच्या मनातही येत नाही, चुकला असेल तर हा मुलगाच.

मागच्या दोन भेटींत त्याने बरंच सांगितलं होतं. पहिल्या सहामाहीत तो चार विषयांत नापास झाला होता. दोन महिने वर्गात पाऊल टाकलं नव्हतं. घरी पत्ता नव्हता. त्याला शिकता यावं म्हणून दादाने स्वतःचं शिक्षण मध्येच सोडलं होतं आणि तो टायरच्या दुकानात लागला होता. दर रविवारी दादाचा फोन येई. अभ्यासाबद्दल तो कधीच विचारत नसे. पोटभर जेवतोस ना, एवढंच. तो एक प्रश्न लंब्याला सहन होत नव्हता.

"आज चेहरा बरा दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "काय बदललं, विचार."

लंब्या हसला. या खोलीत पहिल्यांदाच.

"हलकं वाटतंय आता. एकदा ठरलं की बरं असतं ना. निरवानिरव चाललीये सध्या. पुस्तकं परत केली, खोली रिकामी केली, ज्याचं त्याला देऊन टाकलं. दादाला तेवढं लिहायचं राहिलंय. ते झालं की मी मोकळा. तोही मोकळा."

तिचं तोंड सवयीने पुढे निघून गेलं. हलकं वाटतंय. आवराआवर चालली आहे. भावाला पत्र लिहिणार आहे, म्हणजे दोघंही मोकळे होतील.

मॅडमचा चेहरा उजळला.

"म्हणजे भावाला सगळं सांगणार आहे! मी मागच्या वेळी हेच म्हटलं होतं. खोली आवरली की मनही आवरतं." त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि एक शब्द अधोरेखित केला. दुभाषीला तो मागूनही वाचता आला. 'प्रगती'.

आवराआवर? असं कसं म्हणाली ती? पण मॅडमच्या भाषेत 'निरवानिरव'ला शब्दच नव्हता.

अकरा वर्षांची असताना ती आत्याबरोबर दवाखान्यात गेली होती. घरात डॉक्टरांची भाषा तिलाच नीट येत होती. आत्या म्हणाली, जीव घाबरा होतो. तिने डॉक्टरांना सांगितलं, हिला भीती वाटते. डॉक्टर हसले, भीतीची गोळी दिली, घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी आत्या स्वयंपाकघरातच कोसळली. हृदयाचं दुखणं होतं. आत्या वाचली, पण जिने चढणं कायमचं सुटलं. तिला कुणी बोललं नाही. लहान पोर, तिला काय कळतंय, असंच सगळे म्हणाले. तेव्हापासून ती धुमसत होती, आणि नेमकी कुणावर, हे तिला आजवर ठरवता आलं नव्हतं.

मॅडमनी वही मिटली. "पुढची भेट महिन्याने ठेवू. त्याला सांग, खूप छान चाललंय."

लंब्या उठायच्या बेतात होता.

"सांगतेस ना?"

"नाही," ती म्हणाली. "हे मी सांगणार नाही."

"काय?"

"मी मघाशी चुकीचं सांगितलं. आवराआवर नाही म्हणाला तो. निरवानिरव म्हणाला." आवाज चढत होता, आणि तो खाली आणावा असं तिला वाटत नव्हतं. "माणूस कायमचा निघतो ना, तेव्हा आपल्यामागे कुणाची अडचण होऊ नये म्हणून सगळं मार्गी लावतो, ती. म्हातारी माणसं करतात. माझ्या आजोबांनी अंथरुणाला खिळल्यावर केली होती. अठरा वर्षांचा मुलगा करत नाही!"

मॅडमनी तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. "हा त्याचा शब्द आहे, की तुझा अंदाज?"

"शब्द त्याचा. तुमच्या त्या कागदावर आमच्याबद्दल चार ओळी आहेत ना? त्यात हा नाही. रडण्याबद्दल आहे, लग्नांबद्दल आहे, वडीलधाऱ्यांबद्दल आहे. तीन भेटी तुम्ही तो कागद वाचताय. त्याला एकदा तरी वाचा!"

लंब्या ताडकन उभा राहिला. गुडघा टेबलाला लागला, पाण्याचा पेला लवंडला. आणि तो थेट मॅडमशी बोलायला लागला, त्यांच्याच भाषेत, कुठेही न अडखळता.

"तिचा गैरसमज झालाय. त्याचा अर्थ साफसफाई असाच आहे. आमच्या भागात तसंच म्हणतात. मी ठीक आहे. माझा तास आहे आता, मी निघू?"

दोन महिने तो एकाही तासाला गेला नव्हता. मग तो वळला आणि आपल्या भाषेत, दबक्या आवाजात म्हणाला:

"ताई, तुम्हाला नियम आहे ना? पहिल्याच दिवशी तुम्ही वाचून दाखवला होता. पदरचं काही घालणार नाही म्हणालात. म्हणून बोललो मी."

"म्हणजे?"

"कुणाला तरी सांगून जायचं होतं. ज्याला कळेल, पण पुढे सांगता येणार नाही, अशा कुणाला तरी."

ती उठलीच.

"अस्सं? म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर ठेवून तू मोकळा? मी काय करायचं होतं त्याचं? उद्या परवा कानावर आलं असतं, की लंब्या गेला. मग मी म्हणायचं, हो, मला माहीत होतं, पण नियम होता? अक्कल आहे का तुला? मला काय लाकडाची समजलास?"

"तुम्ही ओरडताय कशाला?"

"ओरडेन नाहीतर काय करेन!"

मॅडमना यातला एक शब्द कळत नव्हता. पण त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. टेबलावरचं पाणी कागदापर्यंत पोचलं होतं, तो त्यांनी उचललाही नाही. त्या उठल्या, आपली खुर्ची टेबलाच्या अलीकडे आणली आणि लंब्यासमोर बसल्या. तो उभाच होता. त्यांना मान बरीच वर करावी लागली.

"बस," त्या त्याला म्हणाल्या. मग दुभाषीला: "आता मी एक प्रश्न विचारणार आहे. तो त्याच्या भाषेत विचार. मऊ करू नकोस, फिरवू नकोस. त्याला विचार, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

असा प्रश्न दुभाषीने कधी कुणाच्या तोंडावर विचारला नव्हता. तिच्या घरात ही गोष्ट कुजबुजतसुद्धा नसत. कुणाबद्दल बोलणं निघालंच, तर आई उठून नळ सोडायची. मघापासून ज्या बाईंवर ती पेटली होती, त्यांनी हे किती सरळ विचारलं. आणि तिची जीभ उचलत नव्हती.

तिने नजर जमिनीवरून काढली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"जीव द्यायचं ठरवलंयस का रे?"

'रे' मॅडमच्या प्रश्नात नव्हता.

लंब्या बसला. हात गुडघ्यांमध्ये धरले. बाहेर बोळातून कुणीतरी हसत, पळत गेलं. त्याने मान डोलावली.

"हो."

मॅडमनी भाषांतर मागितलं नाही.

पुढचा पाऊण तास कामाचा होता. मॅडमनी पुढच्या दोन मुलांच्या भेटी रद्द केल्या, आरोग्य केंद्रात फोन केला. पाच वाजता डॉक्टर येणार होते. काही दिवस लंब्या तिथेच राहणार होता, एक क्षणही एकटा नाही. दादाला कळवावं लागेल, हे मॅडमनी त्याला स्पष्ट सांगितलं. तू सांगशील की मी, एवढंच ठरव. तो दुभाषीकडे पाहत नव्हता. बोलत होता तो मॅडमशी, त्यांच्या भाषेत, तुटक तुटक. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

"तुझी वेळ संपली," मॅडम तिला म्हणाल्या. "हवं तर जा तू. नियम मोडल्याचं मला लिहावं लागेल."

"लिहा."

"माझंही लिहीन," मॅडम म्हणाल्या आणि किल्ल्या उचलल्या. "आम्ही त्याचे कपडे घ्यायला वसतिगृहात चाललोय."

ती गेली नाही. दोघांच्या मागोमाग, दोन पावलं अंतर ठेवून चालत राहिली.

वसतिगृहाच्या दाराशी एक बुटका मुलगा सायकल उलटी करून बसला होता. शेजारच्या खोलीतला. लंब्याला पाहून त्याने तेलकट हात वर केला.

"अरे लंब्या! तुझी सायकल बघ. माझे पायच पोचत नव्हते यार. तो सीटचा दांडा म्हणजे काय, टेलिफोनचा खांब! कापला शेवटी. आता कशी झकास बसते."

लंब्या थांबला. सायकलीकडे बघत राहिला.

"कापला?"

"निम्मा. लोखंडाच्या करवतीने. अर्धा तास लागला."

"दादाने बनवला होता तो." लंब्याचा आवाज बारीक झाला. "बाजारात माझ्या मापाचा मिळत नव्हता म्हणून. दोन रविवार बसला होता तो त्याच्यावर. हात भाजून घेतला होता."

"पण तूच दिलीस ना सायकल? म्हणालास, तुला लागणार नाही."

"म्हणून कापायचा? कुणाला विचारून कापलास? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना विचारायची रीत नाही?"

"आता ती माझी..."

"तुझी कशाने?" लंब्याने सायकल हिसकावून सरळ केली. त्याची मान लालबुंद झाली होती. "कुठाय तुकडा? फेकलास? कचऱ्यात फेकलास? काढ आधी! अक्कल काय गहाण ठेवलीयस? मी खांबासारखा आहे, तर खांबासारखाच दांडा लागणार ना मला!"

खिडक्यांतून डोकी बाहेर आली. बुटका मुलगा धडपडत कचऱ्याच्या पिंपाकडे पळाला. मॅडम पुढे व्हायला निघाल्या, मग थबकल्या.

"काय म्हणतोय तो?" त्यांनी हळूच विचारलं.

दुभाषी तिथेच पायरीवर बसली.

"शिव्या घालतोय," ती म्हणाली.

मॅडमही पायरीवर टेकल्या. दोघी लंब्याकडे बघत राहिल्या. तो पिंपाशी जाऊन उभा राहिला होता, बुटक्याच्या डोक्यावरून आत वाकून बघत.

"आज जोडून आण, नाहीतर नवा आण, मला माहीत नाही," तो ओरडत होता. "उद्या सकाळी सायकल मला होती तशी पाहिजे. आठ वाजता. समजलं?"