माथ्यावरचे भोक

केशवरावांच्या थोरल्या मुलीचे, गुलाबचे, लग्न झाले त्या साली, म्हणजे १९७४ च्या उन्हाळ्यात, मी साकोलीला आलो. लग्न आटोपून केशवराव शाळेत कामावर आले तेव्हा त्यांच्या अंगात लग्नातलाच नवा सदरा होता. विज्ञान शिकवणारे मधुकरराव सर नुकतेच कोकणातून परतले होते. त्यांनी पिशवीतून मला काढले आणि केशवरावांच्या तळहातावर ठेवले.

मित्रांनो, मी समुद्रातला शंख आहे. पण पूजेत ठेवतात तसला पिळाचा शंख मी नाही. मी एका लहान टोपीसारखा आहे, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा. माथ्यापासून काठापर्यंत माझ्यावर बारीक धारा उतरतात, आणि त्यांना आडव्या रेघा छेदतात. त्यामुळे वरून मी जाळी विणल्यासारखा दिसतो. आणि माझ्या माथ्यावर एक लांबट भोक आहे. माझी सगळी कथा त्या भोकाची आहे.

हे भोक कशासाठी असते, ते सांगताना मलाच किळस येते. माझ्या आत एक मऊ गोगलगाय राहत होती. ती खडकाला चिकटून शेवाळ खरवडायची. पुढच्या काठाखालून पाणी आत यायचे, तिच्या दोन कल्ल्यांवरून फिरायचे आणि तिची सगळी घाण बरोबर घेऊन माझ्या माथ्यातून बाहेर पडायचे. भोक म्हणजे तिचे मोरीचे तोंड होते. ती मेली आणि माझ्यातच सडली. तो वास सरांच्या पिशवीबरोबर आगगाडीत बसून भंडारा रोड स्थानकापर्यंत आला. शेजारच्या प्रवाशांनी नाकाला रुमाल लावला होता. मला त्यांचा राग आला नाही. मलाही स्वतःचा वास सोसत नव्हता.

केशवरावांनी मला उलटेसुलटे पाहिले आणि ते हसले.

"हे तर आंबे सोलाची शिंपी व्हय, सर. इतक्या दूरून कायले आनली? माह्या घरी चार पडल्या आहेत."

त्यांची चूक नव्हती. त्या भागात बोडीतून, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या लहान तळ्यातून, शिंपी म्हणजे शिंपला काढतात. तिची पाठ दगडावर घासून भोक पाडतात. भोकाची कड धारदार होते आणि तिने कैरी सोलतात. प्रत्येक घरात चुलीजवळ अशी शिंपी असते. भोक असलेली कवची तिकडच्या माणसाने पाहिली की त्याला कैरीच आठवते.

मधुकरराव सर म्हणाले, "केशवराव, याला कोणी घासलेलं नाही. हे भोक याचं जन्माचं आहे. उलटा करा आणि आत पाहा."

मग सरांनी त्यांना सगळे दाखवले. आत एक डाग होता, घोड्याच्या नालेसारखा. नालेचे उघडे तोंड असते ती डोक्याची बाजू. त्या डागाच्या जागी गोगलगाईचा स्नायू मला धरून होता. भोकाभोवती आतून जाड, पांढरी, गुळगुळीत कडा होती. ती कडा मागच्या बाजूला सरळ कापल्यासारखी असली तर जात डायोडोरा, सगळीकडून गोल असली तर फिस्युरेला. माझी कडा कापल्यासारखी आहे. शिंपीला दोन झाकणे असतात, माझे एकच. म्हणून माझा संघ मृदुकाय, वर्ग उदरपाद, आणि मी गोगलगाईच्या नात्यातला आहे. लहानपणी माझ्याही माथ्यावर बारीक पीळ होता. तेव्हा भोक म्हणजे काठावरची एक चीर होती. पुढे काठ जुळला, चीर वर सरकली, भोक मोठे झाले आणि त्याने माझा पीळ खाऊन टाकला.

"म्हंजे गोतावळ्याची खूनच मिटवली यानं," केशवराव म्हणाले.

केशवरावांचे वय तेव्हा बेचाळीस होते आणि त्यांना अक्षर येत नव्हते. चार वर्षांपासून ते प्रयोगशाळेत तात्पुरते परिचर होते. बाटल्या पुसायच्या, बेडूक बदलायचे, ही त्यांची कामे. सरांनी त्यांना बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरूनच वाचायला शिकवले. साप, विंचू, गांडूळ, जंत. दुसऱ्यांची मुले कमळाच्या क पासून शिकतात, केशवराव जंताच्या ज पासून शिकले. माझ्या चिठ्ठीवरचा 'मृ' त्यांना महिनाभर छळत होता. जमला त्या दिवशी त्यांनी तो बोटाने टेबलावरच्या धुळीत सात वेळा काढला. ती चार वर्षे माझ्या आयुष्यातली स्वच्छ वर्षे होती.

१९७८ साली मधुकरराव सर निवृत्त होऊन बपेऱ्याला, आपल्या गावी गेले. त्यांच्या जागी भैयाजी सर आले.

भैयाजी सरांना कपाटाचा वास आवडत नसे. त्यांच्या स्वतःच्या तोंडाला मात्र विडीचा आणि शिळ्या तंबाखूचा वास येई. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कपाटातून काढून टेबलावर घेतले आणि माझ्यात विडीची राख झाडू लागले. राख माझ्या भोकातून खाली सांडायची. मग ते भोकाखाली कागद ठेवायचे. त्यावर ते पिचकन थुंकले की थेंब माझ्या काठावर यायचे आणि वाळून चिकटायचे. एकदा दातात सुपारी अडकली तेव्हा त्यांनी मधुकररावांनी लिहिलेली माझी चिठ्ठी उभी फाडली, तिची सुरळी केली आणि तिने दात कोरले. दोन बोटांत धरून सुरळीचे टोक पाहिले आणि ती खिडकीबाहेर टाकली. माझे नाव, माझे कूळ, माझी जात, सगळे त्यांच्या दाताच्या घाणीसकट पावसात गेले.

केशवराव रोज संध्याकाळी मला धुवायचे. एकदा ते म्हणाले, "सर, राखेसाठी फुटकी वाटी आनून देऊ का?" सर म्हणाले, "हीच बरी आहे. भोक पडलेली वस्तू आणखी कशाच्या कामाची?"

१९८१ च्या मार्चअखेर तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. केशवरावांना कायम करण्याचा कागद त्याच तपासणीनंतर वर जायचा होता. अकरा वर्षे ते त्याची वाट पाहत होते. त्या सकाळी त्यांनी मला घासूनपुसून कपाटात ठेवले.

साहेबांनी कपाट उघडले आणि नेमके मलाच उचलले. त्यांनी मला ओठाला लावले आणि भोकातून फुंकर मारून पाहिली, वाजतो का म्हणून. मित्रांनो, त्या भोकाचे काम मी तुम्हाला सांगितले आहे. मी गप्प राहिलो.

"याची चिठ्ठी कुठं आहे? आणि याला भोक कसं काय?" साहेबांनी विचारले.

 भैयाजी सर एकदा माझ्याकडे आणि एकदा दाराशी उभ्या असलेल्या केशवरावांकडे पाहून म्हणाले, "साहेब, आमच्या परिचरानं घरी नेला होता. आंबे सोलायला घासला. चिठ्ठीही त्यानंच हरवली."

साहेब हसले. त्यांच्याही घरी तशी शिंपी होती. म्हणून त्यांना ते लगेच पटले. सगळ्यांनाच पटले. साहेबांनी वहीत शेरा लिहिला आणि परिचराकडून लेखी घ्यायला सांगून ते जेवायला गेले.

साहेबांची जीप गेल्यावर मुख्याध्यापक टेकचंदजी केशवरावांना म्हणाले, "एक ओळ लिहून द्या. शंख घरी नेला, घासला, चूक झाली. मी तुमचा कायमचा कागद वर पाठवतो. नाही दिली तर माझे हात बांधलेले आहेत."

"पन मी नेलो नाही जी."

"मला ठाऊक आहे का नेला की नाही? साहेबांनी लिहिलंय."

"मी आजपर्यंत सहीशिवाय काही लिहिलो नाही, सर. पयला कागद लिहीन, तो खोटा लिहू का?"

भैयाजी सर तोंडातल्या तोंडात बोलले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, "चार अक्षरं आली की यांना लगेच खरं-खोटं कळायला लागतं." 'यांना' म्हणजे कोणाला, ते खोलीत सगळ्यांना कळले. केशवराव आणि त्यांच्या वस्तीतली माणसे छप्पन सालानंतर बौद्ध झाली होती. भैयाजी सर त्यांच्या हातचा पाण्याचा पेला घ्यायचे नाहीत. माझ्यातली राख त्यांच्याच हाताने फेकलेली मात्र चालायची.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत केशवरावांच्या पत्नी पंचफुलाबाई आल्या. पदरात त्यांची शिंपी आणि दोन कैऱ्या होत्या.

"कोन म्हनते जी, माह्या घरी शाळेचा शंख आला म्हनून?"

टेकचंदजी म्हणाले, "बाई, शांततेनं बोला."

"शांतच आहो मी. कैरी आनली, खाऊन घ्या. तोंड आंबट झालं तर बोलनं कमी होते."

त्यांनी टेबलावर कैरी धरली आणि शिंपी चालवली. हिरव्या सालीच्या लांब पट्ट्या भोकातून सरसर बाहेर आल्या. दोन मिनिटांत कैरी पांढरी झाली. मग त्यांनी केशवरावांना सांगून मला मागवले आणि दुसऱ्या कैरीसोबत भैयाजी सरांपुढे ठेवले.

"ही माही शिंपी, मीच दगडावर घासली. आता ह्याच्यानं तुमी सोला, सर. माह्यासाठीच घासला म्हनता ना?"

सगळे पाहत होते, म्हणून सरांना मला हातात घ्यावे लागले. त्यांनी मला कैरीवर घासले. मी घसरलो. त्यांनी जोर लावला. कैरीचा चीक माझ्या जाळीत भरला, सरांच्या बोटांवरून मनगटावर ओघळला, पण साल काही निघेना. कैरी नुसती काळी पडली.

गणिताचे ताराचंद सर म्हणाले, "सर, कैरीला मालिश करून राहिले का?"

दोघे-तिघे हसले. पंचफुलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला काढून घेतले, उलटे केले आणि टेकचंदजींच्या डोळ्यांपुढे धरले.

"घासलेल्या भोकाची कड पातळ रायते, म्हनून ते कापते. याची आतून पाहा. जाड आहे, ओठावानी. माह्या सात पिढ्या दगडावर घासत बसल्या तरी अशी कड निघनार नाही. हे भोक याचं याच्यासंगच वाढलं."

टेकचंदजींनी आत बोट घातले आणि कडेवरून फिरवले. त्यांना कळले. भैयाजी सरांनाही कळले. कळल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी अगदी जवळून पाहिले. भैयाजी सरांनी चिकाचा हात टेबलावरच्या कापडाला पुसला आणि म्हणाले, "आता शास्त्र परिचराच्या बायकोकडून शिकायचं काय आम्ही?"

 टेकचंदजी म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण साहेबांचा शेरा गेला. आता मी वर काय कळवू, आमच्या विज्ञानाच्या सरांनाच ठाऊक नव्हतं? केशवराव, एक ओळ द्या, मिटवून टाकू."

बाकीचे शिक्षक कैरीच्या फोडींना मीठ लावून खात होते. एकानेही मान वर केली नाही. खडकावर असताना माझ्यातून रोज घाण गेली, मित्रांनो, पण तिला लाट येऊन धुऊन न्यायची. त्या खोलीतली घाण सगळे मिठाबरोबर गिळत होते. मला त्यांच्या चाटलेल्या बोटांची शिसारी आली.

केशवराव प्रयोगशाळेत आले. आधी त्यांनी मला धुतले. जाळीतला चीक काडीने काढला. मग मला समोर ठेवून कागद घेतला. एका कागदाला त्यांना दोन तास लागले. त्यांनी लिहिले:

"या शंखाचे भोक मी पाडले नाही. ते जन्माचे आहे. आत कडा जाड आहे, ओठासारखी. मागे ती कापल्यासारखी आहे म्हणून जात डायोडोरा. याला एकच झाकण आहे म्हणून ही शिंपी नाही. संघ मृदुकाय. वर्ग उदरपाद. चिठ्ठी मी हरवली नाही. केशव."

'मृ' काढताना त्यांनी श्वास रोखून धरला होता.

टेकचंदजींनी कागद वाचला, घडी केली आणि खणात टाकला. तो वर गेला नाही. कायमचा कागदही गेला नाही. दर तपासणीला विचारणा व्हायची, "ते शंखवाले का?" आणि पुढचे बोलणे थांबायचे.

पुढच्या वर्षी काय झाले, ते सांगायची मला लाज वाटते. पण ज्यांनी केले त्यांना वाटली नाही. भैयाजी सरांनी तो कागद खणातून मिळवला आणि नववीच्या वर्गाला मला दाखवत टिपण दिले. "लिहा. आत कडा जाड असते, ओठासारखी." पंचफुलाबाईंचा ओठ चाळीस वह्यांत उतरला. केशवराव मागे बाटल्या पुसत उभे होते. एका मुलीने विचारले, "सर, हे कोनत्या पुस्तकात आहे?" सर म्हणाले, "पुस्तकात नाही. निरीक्षणानं कळतं." तास संपला, मुले गेली, आणि सरांनी माझ्यात राख झाडली.

तुम्हाला वस्तू जपायला सांगणारे पुष्कळ भेटतील. मी म्हणतो, मला जपू नका हवे तर, फेकून द्या. पण कोणाच्या माथी काही मारण्याआधी वस्तू एकदा उलटवा आणि आत बोट फिरवून पाहा. एवढे कष्ट त्या शाळेत एका निरक्षर बाईने घेतले. बाकी सगळे शिकलेले होते.

केशवराव १९८६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, दिवाळीच्या सुटीआधी, कावीळ होऊन साकोलीच्या दवाखान्यात वारले. तेव्हा त्यांच्या नोकरीला सोळा वर्षे झाली होती आणि ते तात्पुरतेच होते.