उंच हँडल

"डोळे मीट, ऑरिन. आता हात वर घे आणि सुखाने थांबतील तिथे थांबव," व्हर्ना म्हणाली.

बाबा तिच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात आपल्या मोटरसायकलवर बसले होते. जुनं हँडल तिने काढून ठेवलं होतं. समोर नुसता दिवा आणि मोकळी जागा. हँडलची उंची अशीच ठरवतात. डोळे उघडे असले की हात सवयीच्या जागी जातात.

बाबांनी उभी हयात शेताशेतांतून दुधाचा टँकर फिरवला. हिवाळ्यात मानेचं ऑपरेशन झालं आणि पुढे वाकणं बंद झालं. रविवारी चर्चच्या आवारात फादर मोटरसायकलींना आशीर्वाद देणार होते. त्या रांगेत पहिली गाडी कायम बाबांची. हँडल उंच केलं की झालं, असं त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं.

"मोजतेस की झोपलीस, बये?"

व्हर्ना टेप हातात धरून नुसती उभी होती. बाबांचा उजवा हात छातीसमोर स्थिर होता. डावा पोटापाशीच राहिला होता, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. चेहरा इतका समाधानी होता! पुढे ते वारल्यावर चर्चमध्ये मांडलेल्या फोटोंत तसा चेहरा एकाही फोटोत सापडला नाही.

व्हर्नाने बाजूला उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी सांगावं असं तिला वाटत होतं, तिने सांगावं असं मला.

"बाबा, हात हलवू नका," शेवटी मी म्हणाले. "डोळे उघडा."

त्यांनी आधी उजवा हात पाहिला, मग डावा. डावा वर न्यायला लागले. जबडा आवळला. हात जेमतेम उचलला गेला आणि खाली आला.

"मग डाव्याच्या मापाने बसव."

"वाकावं लागेल. मान ऐकणार नाही."

"मान माझी आहे."

"आणि क्लच?" व्हर्नाने दोन बोटं पुढे केली. "हा क्लच समज. दाब."

बाबांनी डाव्या हाताने तिची बोटं धरली. बाहेर एक ट्रक गेला.

"दाब ना, ऑरिन," व्हर्ना हळूच म्हणाली.

"दाबतोय," बाबा म्हणाले.

तिने बोटं काढून घेतली नाहीत. त्यांनीच सोडली. मग टाकीला धरून ते खाली उतरले.

"लिनेट, बस."

"मी कशाला?"

"गाडी तुला हिच्यावरच शिकवलीय ना? बस. डोळे मीट."

मी मिटले. टेपचं थंड टोक मनगटाला लागलं. "हिच्या हातालाही उंचच लागेल," बाबांचा आवाज आला. "ते भिंतीवर टांगलेलं उंच हँडल काढ. क्लच-ब्रेकच्या तारा लांब टाक, वळताना ओढ बसायला नको. रविवारी पहिली गाडी आपलीच."

"आणि तू?"

"मागे बसेन."

मागच्या सीटवर बसणाऱ्या पुरुषाला आमच्या गावात बटाट्याचं पोतं म्हणतात. ते नाव बाबांनीच पाडलेलं. रविवारी रांगेच्या तोंडाशी मी गाडी उभी केली आणि बाबा पाय उचलून कसेबसे मागे चढले, तेव्हा आता कोणीतरी 'पोतं' म्हणणार म्हणून मी कान टवकारून बसले होते. त्यांचे सगळे दोस्त मागे होते, एकाहून एक तोंडाळ. पण कोणी आरसा पुसायला लागलं, कोणी हातमोजे चढवायला.

"अरे, बोला की कोणीतरी!" बाबा ओरडले.

आरसा पुसणारा आणखी जोरात पुसायला लागला.

त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली.