ओहोटी लागली की उठवा

पाण्याबद्दल मला कोणी काही शिकवावं, हे मला कधीच सहन झालेलं नाही. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली. रोज सकाळी आठला धरणाची पातळी वाचायची आणि यवतमाळला फोनवर कळवायची. पाणी चढतं ते पावसाळ्यात, उतरतं ते दार उघडल्यावर, आणि दार उघडतं ते वरून पत्र आल्यावर. याच्यापलीकडे पाण्याला काही मन असतं, असं मी मानत नव्हतो.

धरणाच्या काठालाच भीमसिंगचा तांडा आहे. मला गळ टाकायला त्यानंच शिकवलं आणि तेव्हापासून आमचे रविवार ठरलेले. त्याची बायको रामीबाई ढेप आणि कणीक मळून चाऱ्याचे गोळे करून देते. आमच्या घरी मासा शिजत नाही. माझी बायको मंजुषा गळाची पिशवीसुद्धा फाटकाच्या आत येऊ देत नाही. म्हणून जे लागेल ते रामीबाईच्या चुलीवर जातं, आणि मी तिच्याकडची भाकरी-ठेचा खाऊन घरी येऊन सांगतो, की जरा हवा खाऊन आलो. मंजुषाला सगळं माहीत आहे. हवेला माशाचा वास येतो, एवढंच ती म्हणते.

आमची मुलगी शाल्मली सात वर्षांची असल्यापासून माझ्या स्कूटरवर मागे बसून धरणावर यायची. माझ्यापेक्षा शांत बसायची. ती बारा वर्षांची झाली आणि आमच्या ऑफिसातले सदाशिवराव एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, मुलगी मोठी झाली आता. गळ घेऊन तांड्यावर बसते, शोभतं का?" मी हसलो. पण पुढच्या रविवारी पहाटे चपला हातात घेऊन घरातून एकटा निघालो, आणि त्यापुढच्या रविवारीही. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रागावलो असतो आणि विषय संपला असता. तसं झालं नाही, म्हणून तो एकवीस वर्षं माझ्याजवळ राहिला.

आता ती डॉक्टर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीकाठच्या गावात तिचं हॉस्पिटल आहे. गेल्या वर्षी तिथल्या दोन नर्सबाईंसोबत तिनं एक छोटी फायबरची होडी घेतली आणि सुट्टीच्या दिवशी खाडीत गळ टाकू लागली. फोनवर म्हणाली, "बाबा, या ना एकदा. भीमसिंगकाकांनाही आणा." मी निघालो ते एक वाक्य बोलायला: माझं चुकलं. भीमसिंगला हे ठाऊक होतं. गाडीत त्यानं मला दोनदा बजावलं, "साहेब, पोरीले बोलून टाका एकदाचं. कायले ओझं घेऊन फिरता?"

पहिले तीन दिवस मी तिच्याशी हॉस्पिटलच्या गटारीबद्दल बोललो. गच्चीच्या उताराबद्दल बोललो. तिला एका पाइपचा आकडाही काढून दिला. वाक्य तेवढं रोज उद्यावर गेलं.

मासेमारीचंही तसंच. रामीबाईचे गोळे खाऱ्या पाण्यात पडल्या पडल्या विरघळले. मला एक शिंगाळा लागला, तर त्याचा काटा अंगठ्यात घुसून हात दुपारपर्यंत ठणकत राहिला. खाडीच्या तोंडाशी लाटा लागल्या तेव्हा भीमसिंगनं सकाळचे पोहे समुद्राला अर्पण केले. पण तिसऱ्या दिवशी त्याच्याच गळाला हातभर लांब, लालसर तांबोशी आली, आणि तो पासष्टीचा माणूस होडीत उभा राहून नाचायला लागला. शाल्मलीनं त्याला दंडाला धरून खाली बसवलं. ती इतकी मोकळी हसत होती, की मी तिच्याकडेच पाहत राहिलो.

चौथ्या दिवशी ती रात्रपाळी करून आली तरी आम्हाला घेऊन निघाली. सात वाजता खाडी काठोकाठ भरलेली होती. तिनं मधल्या खोल पाण्यात नांगर टाकला आणि टोपी तोंडावर घेऊन होडीत आडवी झाली. "बाबा, ओहोटी लागली की उठवा मला," म्हणाली आणि लगेच झोपली.

ओहोटी लागली हे ओळखायचं कसं, ते मी विचारलं नाही. एकतीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस असं विचारतो का?

मधल्या पाण्यात काही लागेना. बाजूला कांदळवनात एक चिंचोळा फाटा शिरत होता. तिथलं पाणी अगदी आपल्या धरणाच्या कोपऱ्यासारखं निवांत होतं. आम्ही हळूच नांगर उचलला, वल्ह्यानं होडी आत घेतली आणि मी दोर एका झाडाला आखूड, पक्का बांधला. मासे खरंच लागायला लागले. तास-दीड तास मान वर करायला सवड मिळाली नाही.

मग भीमसिंग म्हणाला, "साहेब, पाणी उतरून राह्यलं."

"बाष्पीभवन असेल," मी म्हणालो.

त्यानं झाडाच्या ओल्या मुळ्यांकडे पाहिलं. "हातभर?"

"कुठंतरी दार उघडलं असेल."

माझ्या शब्दावर त्यानं आयुष्यभर विश्वास ठेवला, तसा त्याही वेळी ठेवला. साडेनऊला होडीचं बूड चिखलात बसलं आणि होडी एका अंगाला कलली. शाल्मली धडपडत उठली. चहूकडे काळा चिखल होता आणि खाडीचं पाणी लांब, दोनशे पावलांवर गेलं होतं. वल्हं टोचून पाहिलं, तर अर्धं आत गेलं.

राग आला की तिच्या तोंडी अजून यवतमाळ येतं. "काहून आणली इथं? आणि उठवलं काहून नाही मले?"

"मी म्हटलं, दार..." मी एवढंच बोललो.

"समुद्राला दार?" ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग कपाळाला हात लावून हसत सुटली. "साडेचार वाजता होडी तरंगेल. तोवर बसू आता तिघं."

डब्यातल्या पोळ्या आम्ही वाटून खाल्ल्या. ऊन चढलं. गटारी, गच्ची, पाइप, सगळे विषय संपले होते आणि उठून जायला जागा नव्हती. भीमसिंगनं मला कोपरानं ढोसलं.

मी चिखलाकडे बघत बोललो. "शालू, तू बारा वर्षांची असताना मी तुला धरणावर न्यायचं बंद केलं. लोक नावं ठेवतील म्हणून केलं. तुला सांगायची हिंमत नव्हती. माझं चुकलं, बेटा."

तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, "लोकांमुळे? मला वाटलं, मरळीमुळे."

"कोणत्या मरळीमुळे?"

"शेवटच्या रविवारी माझ्या गळाला मोठी मरळ लागली होती. काठाशी आणली आणि माझ्या हातून सुटली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. पुढच्या रविवारी मला सोडून गेलात. मला वाटलं, मी कामाची नाही म्हणून." तिनं नाक पुसलं. "म्हणून तर हे सगळं शिकत बसले ना मी इथं."

माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

भीमसिंगला राहवलं नाही. "अवं माय, त्या मरळीची गोष्ट तर यायनं साऱ्या तांड्यात सांगतली व्हती! एवढुशी पोरगी अन् पाव तास झुंजली म्हणे. रामीले सांगतली, मी त्या दिवशी नव्हतो, मले तर धा डाव सांगतली. छाती फुगवून सांगत व्हते!"

शाल्मली माझ्याकडे वळली. "मला का नाही सांगितलं?"

सगळ्यांना सांगितलं होतं, फक्त तिला राहून गेलं होतं.

"मग आता सांगा," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी सरकून बसली.

होडी तरंगायला अजून चार तास होते. मी पहिल्यापासून सांगायला घेतलं: त्या दिवशी तू निळा फ्रॉक घातला होतास, आणि गळ टाकलास तो माझ्यापेक्षा लांब.