नाकाची पारख

यशयांनी ग्राफिक्स कार्डाचे दोन्ही पंखे बोटानं फिरवून पाहिले, मग कार्ड नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

हन्ना पप्पांकडे बघत राहिली. नगरमधल्या मोटार वाइंडिंगवाल्यांत तिच्या पप्पांच्या नाकाचा दबदबा होता. मोटार न उघडता, नुसती हुंगून ते आतलं वाइंडिंग जळलंय की नाही ते सांगत आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं ऐकत असे. म्हणून तर रविवारी चर्च सुटल्यावर ती त्यांना स्कूटीवर मागे बसवून थेट देवळाली प्रवरेला घेऊन आली होती.

तिचं स्वतःचं ग्राफिक्स कार्ड ऐन कामात बंद पडलं होतं. पुण्याच्या बिल्डरला बंगल्याचा थ्रीडी व्हिडिओ उद्या संध्याकाळपर्यंत दिला तर नोकरी पक्की, नाहीतर यादीतली पुढची मुलगी. नवं कार्ड परवडणारं नव्हतं. इथल्या हर्षलनं क्रिप्टोच्या माइनिंगसाठी दोन वर्षं दिवसरात्र चालवलेली आठ कार्डं विकायला काढली होती. त्यातलं हे शेवटचं.

"लपवत न्हाई ताई, माइनिंगचंच हाय," हर्षल म्हणाला. "पन एसी लावून चालवलंय. टेस्ट तर बघितली तुमी. जामखेडचा एक जन तासाभरात येतोय, काय ते लवकर सांगा."

टेस्ट वीस मिनिटं बिनबोभाट चालली होती. पण व्हिडिओ तयार व्हायला सलग चौदा तास लागणार होते, आणि आतून पोळलेलं कार्ड मध्येच मान टाकायचं. ते फक्त पप्पांनाच कळणार होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपलेल्या दुधाचा वास आला. असा उग्र, की हन्नानं ओढणी नाकाला लावली. हर्षल घाईघाईनं आत पळाला.

यशयांनी डोळे उघडले. आणखी एकदा खोल श्वास घेतला.

"कसलाच वास नाही," ते म्हणाले. "घे."

हन्नानं नाकावरची ओढणी काढली; करपल्याचा वास अजून तसाच होता. दोन महिन्यांपासून ते 'जरा सर्दी आहे' म्हणत होते. गेल्या महिन्यात त्यांनी ठीक म्हणून दिलेल्या दोन मोटारी दुकानात परत आल्या होत्या.

"उजेडात बघते जरा," म्हणत ती कार्ड घेऊन अंगणात गेली. भिंतीकडे तोंड करून हुंगलं. जळक्या वार्निशचा वास. लहानपणी, जळकी मोटार उघडली की पप्पांच्या शर्टाला यायचा तोच.

ती परत आली तेव्हा हर्षल पिशवी उघडून उभा होता. त्याची आई केशरबाई काळंठिक्कर पातेलं घेऊन नळाकडे निघाली होती.

"भरू का? काका तर व्हय म्हनले."

यशया तिच्याकडेच बघत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्यानं बोलवेना.

"नको," ती म्हणाली. "पप्पा म्हणतात ते बरोबरच असेल. पण इतकं चाललेलं कार्ड घ्यायला मलाच धीर होत नाही."

"मग येवढा टाइम कशाला खाल्ला?" हर्षल पुटपुटला.

स्कूटी सुरू करताना तिला रडू आलं. नोकरी गेली होती. पप्पांनी एका शब्दानंही विचारलं नाही, याचा तिला रागही आला.

राहुरी मागे पडली. मग पप्पा वाऱ्यात ऐकू जावं म्हणून तिच्या खांद्याजवळ वाकले.

"त्या बाईच्या हातात पातेलं होतं. दूध करपलं होतं ना?"

"हो."

"घरभर वास आला असेल."

तिनं स्कूटीचा वेग कमी केला.

"आणि कार्डाला?"

"वार्निशचा," ती म्हणाली. "जळक्या."

खांद्यावरचा त्यांचा हात तसाच राहिला. उसानं भरलेला एक ट्रॅक्टर त्यांना ओलांडून पुढे गेला.

"उद्या सकाळी दुकानात ये," ते म्हणाले. "बोराड्यांनी तपासायला दिलेल्या दोन मोटारी मी ठीक म्हणून बाजूला ठेवल्यात. ते न्यायला येण्याआधी एकदा हुंगून बघ."