दाबा आणि फिरवा

मी एक जुनी, तडकलेली गोळ्यांची डबी आहे. मित्रांनो, हसू नका. एके काळी माझा तोरा बघण्यासारखा होता.

१९९३ साली सिल्वासाजवळ सायलीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरलं, गार झालं आणि मी टपकन बाहेर पडले. धुळ्याकडच्या सुकदेव नावाच्या ऑपरेटरने मला उचललं. माझ्या झाकणावर 'दाबा आणि फिरवा' असं कोरलेलं होतं. तळव्याने जोरात दाबून फिरवलं तरच ते उघडायचं, नुसतं फिरवलं तर गरगर फिरत राहायचं. लहान मुलांच्या हाती गोळ्या लागू नयेत म्हणून ही युक्ती. सुकदेवने मला चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं आणि 'एक नंबर माल' असा शेरा दिला. त्याचा पंजा फावड्याएवढा होता, हे मी लक्षातच घेतलं नाही. स्तुती कोणाला नको असते?

हजारो डब्या काढण्याआधी कंपनीला एक खात्री हवी होती. औषधं जास्त कोण घेतं? म्हातारी माणसं. त्यांना मी उघडते का, हे पाहायला मुंबईहून शैलजा नावाची मुलगी आली. तिने सिल्वासातली बारा घरं निवडली आणि घरटी एक डबी दिली. आधी तिच्यासमोर उघडून दाखवायची, मग आठवडाभर वापरायची. नंतर ती परत येणार आणि तिचा अहवाल वाचून साचा जोरात चालू होणार.

माझ्या वाट्याला मालतीबाई आल्या. मूळच्या चिपळूणकडच्या, सिल्वासाच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. वय अडुसष्ट, घरात एकट्या. बोटांची पेरं संधिवाताने सुजलेली. हृदयाचं दुखणंही होतं. छातीत कळ आली की लगेच जिभेखाली गोळी ठेवायची. मुलगा निलेश नाशिकला. घर बंद कर आणि आमच्याकडे ये, असा त्याचा धोशा होता. माझं मला जमतंय तोवर मी इथेच, बाई म्हणायच्या. जमेनासं झालं की येईन, असा त्यांनी त्याला शब्दच दिला होता.

आणि नेमकी तेव्हाच शैलजा हातात घड्याळ घेऊन समोर बसली. बाईंना वाटलं, ही आपलीच परीक्षा. नापास झालो तर बातमी नाशिकला पोचणार. मग त्यांनी काय करावं? शैलजा पिशवीत पेन शोधत होती, तेवढ्यात त्यांनी गोळ्या भरून झाकण माझ्यावर नुसतं टेकवून ठेवलं, 'टक्' होऊच दिलं नाही. नंतर दाबल्यासारखं करून दोन बोटांनी अलगद उचललं. शैलजाने 'पास' लिहिलं. आयुष्यभर मुलांची कॉपी पकडणाऱ्या बाईंनी चक्क कॉपी केली हो! आणि मी गाढव, माझाच पराक्रम समजून फुगले.

आठवडाभर बाईंनी मला तशीच सैल ठेवली. शनिवारी निलेश, त्याची बायको अमृता आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी आली. घरात लहान पोर आणि गोळ्या अशा उघड्या, असं म्हणत निलेशने झाकण दाबलं. टक्. त्याचं काही चुकलं नव्हतं. रविवारी दुपारी तिघं दादऱ्याच्या वनगंगा बागेत गेली. बाई घरीच थांबल्या.

सव्वाचार वाजता बाईंच्या छातीत कळ आली.

त्यांनी मला उचललं. झाकण गरगर फिरलं. त्यांनी तळव्याने दाबलं, पण पेरांतून अशी सणक गेली की हात सुटला. पदरात धरून पाहिलं. दाराच्या फटीत घालून पाहिलं. दात लावले. कपाळावरचा घाम माझ्यावर टपटप पडत होता आणि आत गोळ्या खुळखुळत होत्या. उघड ना गं, उघड, असं मी माझ्याच झाकणाला विनवत होते. ते मेलं ऐकेल तर शपथ! मला माझी इतकी चीड कधी आली नव्हती. शेवटी भिंतीला धरून बाई स्वयंपाकघरात गेल्या, खलातला बत्ता उचलला आणि मला दोन दणके घातले. मी तडकले. खरं सांगते, फुटल्याचा आनंद मला त्या दिवशी झाला. गोळ्या फरशीवर पसरल्या. त्यातली एक जिभेखाली गेली आणि बाई ओट्याला टेकून खाली बसल्या. श्वास जागेवर यायला दहा मिनिटं लागली.

मग त्यांनी गोळ्या गोळा करून वाटीत ठेवल्या आणि मला पिठाच्या डब्यात लपवलं. मंडळी परत आली तेव्हा त्यांनी हसून सगळ्यांना चहा दिला.

सोमवारी सकाळी शैलजा आली. निलेश शेजारीच पेपर वाचत होता. बाकीच्या अकरा घरांनी काही अडचण नाही म्हणून सांगितलं, आता तुमचंच उत्तर राहिलंय, उद्यापासून साचा चालू, असं शैलजा म्हणाली. पिठाच्या डब्यातून मी सगळं ऐकत होते. 'अडचण नाही' म्हटलं की घर वाचत होतं. 'अडचण आहे' म्हटलं की दिलेल्या शब्दाप्रमाणे नाशिक. पण त्या अकरा जणांनीही आपल्यासारखंच केलं असेल तर?

बाई उठल्या. पिठाने माखलेली मी टेबलावर आले.

"मी कॉपी केली होती," बाई म्हणाल्या. "मला ही उघडत नाही. काल छातीत दुखलं, तेव्हाही उघडली नाही."

निलेशच्या हातातला पेपर खाली आला. "काल? आई, झाकण मीच लावलं होतं." मग तो एकदम उठला. "सामान आवर. आजच निघायचं."

बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांना तसं पाहून मला रडू आलं.

"बाई, परीक्षा तुमची नव्हती, हिची होती," शैलजा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "चूक माझी आहे. मी घड्याळाकडे बघत बसले, तुमच्या हातांकडे बघितलंच नाही."

तिने पिशवीतून नवी डबी काढली. निलेशला खाली बसवून त्याच्या बोटांना, पेरं वाकू नयेत अशा बेताने, कापडी पट्ट्या गुंडाळल्या आणि डबी त्याच्या हातात दिली. त्याने दाबलं, पिळलं, दात-ओठ खाल्ले. झाकण गरगर फिरत राहिलं. शेवटी त्याने डबी खाली ठेवली आणि आईच्या हातांकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

"आई, घरात आणखी काय काय उघडत नाही तुला?"

"काही नाही रे."

निलेश उठला नाही. बोटांना पट्ट्या तशाच. बाईंनी पदर सारखा केला, खिडकीबाहेर पाहिलं.

"न्हाणीघराचा नळ," त्या हळूच म्हणाल्या. मग मागच्या दाराची कडी. मग रॉकेलच्या डब्याचं बूच.

निलेश आणखी दोन दिवस राहिला. नळ बदलला, कडी बदलली आणि बुधवारी बायकामुलीला घेऊन नाशिकला गेला. बाई पुढे सहा वर्षं त्याच घरात राहिल्या. कारखान्याने साचा थांबवला आणि रुंद, खाचांचं नवं झाकण काढलं. माझ्यासारखी एकही डबी बाजारात गेली नाही. वाईट वाटलं, पण बरंच झालं. हल्ली मी सेफ्टी पिना सांभाळते.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाला तरी काहीतरी उघडत नसेल. ते आपणहून सांगणार नाहीत, तुम्ही विचारा. पहिलं उत्तर 'काही नाही' असंच येईल. तेव्हा उठून जाऊ नका.